वाजवून घेतलेली बरणी

कस्तुरीला एक वाईट खोड होती. समोर कप येवो, बशी येवो, फुलदाणी येवो, ती आधी उलटी करून तळ बघायची. कोल्हापुरात असताना या खोडीपायी तिनं मावशीच्या नव्या टी-सेटमधला चहा मावशीच्याच गालिच्यावर ओतला होता. पुढे ती कॅनडात आली, ऑन्टॅरिओतल्या लंडनमध्ये जुन्या वस्तूंची पारख शिकली, एका लिलावघरात नोकरीला लागली आणि त्याच खोडीवर पोट भरू लागली. पण जित्याची खोड ती, ऑफिसपुरती थोडीच राहणार? दिवाळीच्या स्नेहसंमेलनात तिनं घोटाळा केलाच.

मराठी मंडळानं चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. बाहेर नोव्हेंबरचा गार पाऊस लागला होता, आत जेवणं आटोपत आली होती. स्टीलच्या रिकाम्या ट्रेंच्या गर्दीत तिला ती दिसली... राखी अंगाची, भरल्या खांद्यांची, अंगावर तपकिरी कुंचल्याचे मोकळे फटकारे असलेली एक बरणी. आणि त्या बरणीत चक्क लोणच्याचा चमचा! कस्तुरीच्या काळजाचा ठोका चुकला. अजून माणूस दिसायचा होता बरं का, ही नुसती बरणी.

बरणी रिकामीच असणार असं समजून तिनं चमचा बाजूला काढला, दोन्ही हातांनी ती डोक्याच्या वर उचलली आणि तिरकी करून तळ पाहिला. तळाशी मातीत उमटवलेला छोटासा शिक्का होता, गोलात दोन अक्षरं. तो शिक्का तिनं आजवर पुस्तकातच पाहिला होता. ती हरखून बघत राहिली आणि तळाला उरलेला तेलकट खार शांतपणे बाहेर आला. तो पडला बरणी न्यायला आलेल्या एका तरुणाच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर.

"बरणी माझी आहे," तो म्हणाला. मग खाली बघून, "आणि खारही माझाच."

कस्तुरीनं बरणी घाईघाईनं कुठेतरी टेकवली, मूठभर पेपर नॅपकिन उचलले आणि हळदीचा डाग खसाखसा पुसायला लागली. आपण एका अनोळखी माणसाच्या छातीवर हात घासतोय हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. तिनं वर पाहिलं. तो हसू आवरत होता, पण डोळ्यांना काही ते आवरत नव्हतं.

तो जयदीप. मूळचा नागपूरचा, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत. ज्या बाईंच्या बेसमेंटमध्ये तो भाड्यानं राहायचा, त्या मिसेस पेंडर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या. लग्न होऊन इकडे येताना त्यांनी तिकडची भांडी आणली होती. गेल्या वर्षी त्या मुलीकडे व्हिक्टोरियाला राहायला गेल्या, तेव्हा भांड्यांचं अख्खं फडताळ त्यांनी जयदीपला देऊन टाकलं होतं, नुसतं मांडून ठेवू नकोस, वापर, असं बजावून. मग त्यानं वापरलं. आईनं नागपूरहून पाठवलेल्या लोणच्याला हीच बरणी त्याला शोभेशी वाटली.

कस्तुरी डाग विसरली. ही कारखान्यातली बरणी नव्हे, एका कुंभारानं आपल्या छोट्या भट्टीत स्वतःच्या हातानं घडवलेली, पन्नासच्या दशकातली, अशा भांड्यांना स्टुडिओ पॉटरी म्हणतात आणि लोक ती शोधत हिंडतात, असं ती भरभरून सांगत सुटली. येत्या एप्रिलमध्ये तिचा स्वतःचा असा पहिला लिलाव होता, तोही नेमका याच भांड्यांचा. जयदीप बरणीकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होता.

"मग सगळी भांडी एकदम घेऊन येऊ?" त्यानं विचारलं.

"नको... एकेक आणा. प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो."

अख्खं फडताळ पारखायला तिला फार तर तासभर लागला असता. पण हे त्याला कशाला सांगायचं?

मग दर शनिवारी दुपारी जयदीप बसनं लिलावघरात यायचा, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक भांडं घेऊन. पहिल्यांदा त्यानं चहाचा मग आणला. कस्तुरीनं त्याला डोळे मिटायला लावले आणि त्याचा अंगठा धरून मगाच्या कानाच्या खालच्या टोकावर ठेवला. तिथे मातीत एक खळगा होता, बरोबर अंगठ्याएवढा.

"कान चिकटवताना कुंभारानं दाबलंय," ती म्हणाली. "सत्तर वर्षांपूर्वी."

जयदीपनं डोळे उघडले, पण अंगठा काढला नाही. तिनंही हात काढला नाही, हे तिला मागाहून, घरी गेल्यावर आठवलं.

मग तिनं बोटाच्या पेरानं मगावर हलकेच टिचकी मारली. टण्ण... असा स्वच्छ आवाज घुमला. भांड्याला कुठे तडा असला तर तो डोळ्यांना चुकवतो, कानाला नाही, असं तिनं सांगितलं. त्यावर जयदीप म्हणाला की यात नवीन काय, उन्हाळ्यात माठ घेताना त्याची आई दुकानातले सगळे माठ असेच वाजवते आणि कुंभार वैतागतो.

"माझी आई स्थळांच्या बाबतीत तेच म्हणते," कस्तुरी बोलून गेली. "मडकंसुद्धा वाजवून घेतात, मग हा तर जावई."

"किती वाजवले आतापर्यंत?"

"दोन."

"आणि?"

"दोन्ही बद्द."

लिलावघराची मालकीण डोरीन पलीकडच्या टेबलावर चष्म्यावरून बघत होती. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी बाकी सगळं कळत होतं.

जानेवारीत एका शनिवारी एवढा बर्फ पडला की बस बंद झाल्या. आज काही तो येत नाही, असं मनाशी म्हणत कस्तुरीनं खिडकीतून पाहिलं, तर चालत आलेली स्वारी दारातल्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं उपसत होती, बशी पाठीवरच्या सॅकमध्ये. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "वेडा आहेस का तू?" अहो-जाहो बर्फाबरोबरच बाजूला पडलं.

फेब्रुवारीत फडताळ संपलं. त्या शनिवारी जयदीपनं गंभीर चेहऱ्यानं डॉलरच्या दुकानातला एक मग टेबलावर ठेवला. कस्तुरीनं तितक्याच गंभीरपणे तो उलटा केला, तळाचं 'मेड इन चायना' वाचलं, वाजवला आणि त्याची किंमत दोन कॉफ्या अशी लावली. त्या कॉफ्या प्यायला ती दोघं नदीकाठी गेली. या लंडनच्या नदीलाही थेम्सच म्हणतात. वाऱ्यानं तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, तेव्हा त्यानं आपला मफलर काढून दिला. तो तिच्या गळ्याभोवती गुंडाळायला मात्र त्याला जरा जास्तच वेळ लागला.

सगळं आलं, फक्त बरणी तेवढी आली नाही. विचारलं की जयदीपचं उत्तर ठरलेलं, "लोणचं अजून संपलं नाही."

इकडे डोरीनला कॅटलॉगच्या कव्हरवर तीच बरणी हवी होती. कस्तुरीनं वर्णनच तसं केलं होतं. लिलाव चांगला झाला तर तिला पक्की नोकरी मिळणार होती, आणि त्या नोकरीच्या पत्राशिवाय तिचा इथला मुक्काम वाढण्यासारखा नव्हता. बरणी आली तर लिलावाला गर्दी होणार, एवढा सरळ हिशेब. कव्हर छापायला जायची वेळ झाली, तरी बरणीचा पत्ता नाही. त्यात डोरीन सहज बोलून गेली की टोरंटोचा कुणी डीलर अशाच बरण्यांच्या मागावर आहे.

शंका घरात शिरायला दार लागत नाही. त्याचा आपल्यावर विश्वासच नाही का? की आपल्याकडून फुकट पारख करून घेऊन तो भलतीकडेच विकणार? आणि त्याहून वाईट म्हणजे, बरणी आली की भांडी संपली, मग शनिवारही संपले. या शेवटच्या विचारानं तिला रडूच यायला लागलं. रडू आलं की कस्तुरीला राग यायचा.

"या शनिवारी बरणी आण," तिनं फोनवर सांगितलं. "आणायची नसेल तर... तूही येऊ नकोस."

फोन ठेवला आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, कुठून बोलले. पण धनुष्यातून सुटलेला बाण, आता काय करणार.

शनिवारी बर्फ वितळून पन्हाळी ठिबकत होत्या. जयदीप आला. आईनं शिवलेल्या दुपट्यात गुंडाळलेली बरणी त्यानं टेबलावर ठेवली आणि हात खिशात घातले. कस्तुरीनं बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

बद्द.

तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा तोच मेलेला आवाज. तिनं टॉर्च घेऊन आत पाहिलं. तळापासून वर केसासारखी एक रेघ गेली होती आणि त्या रेघेवर काहीतरी पांढरं वाळलं होतं.

"हे काय आहे?"

"भाताची पेज," जयदीप खाली बघत म्हणाला. "आईला फोनवर विचारलं, बरणी झिरपते तर काय करू. ती म्हणाली, माठाला पेज पाजतात. मग मी चार-पाचदा पाजली."

एरवी कस्तुरी पोट धरून हसली असती. "कधी गेला तडा?"

"मागच्याच आठवड्यात. सिंकमध्ये आपटली माझ्या हातून."

तिनं भिंग घेतलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना तेल मातीत खोलवर मुरलं होतं, काळपट झालं होतं. आठवड्यात इतकं तेल मुरत नाही, त्याला महिने लागतात. आणि सुरुवात होती तळाच्या कडेशी, कुठल्याशा धारदार काठावर आपटावी तशी. स्टीलच्या ट्रेच्या काठासारखी... तिला चर्चचा हॉल आठवला, हातातले नॅपकिन आठवले. तिनं भिंग खाली ठेवलं.

"जयदीप, खरं सांग. दिवाळीत मी फोडली ना?"

त्यानं खिशातले हात काढले आणि दुपट्याची घडी घालायला घेतली.

"घरी नेली तर खालच्या पेपरवर तेलाचं कडं उमटलं," तो म्हणाला. "पण तू तिच्याबद्दल बोलत होतीस ना, तेव्हा तुझा चेहरा... तो चेहरा बघितल्यावर कसं सांगणार होतो, की ही तूच फोडलीस म्हणून? म्हटलं, टाळता येईल तितकं टाळू." मग हळूच, "अजूनही कुणाला कळणार नाही. पेजेनं चांगली धरलीये. मी बोलणार नाही."

क्षणभर कव्हर तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, नोकरीचं पत्रही गेलं. मग तिनं बरणी उचलून डोरीनपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तडा आहे, आपल्याच हातून गेला आहे, पेजेसकट. डोरीननं बरणीत नाक घातलं, हिंगाच्या वासानं दचकून बाहेर काढलं आणि कव्हरवर जयदीपनं आणलेली निळी थाळी घेऊ, असं म्हणाली. नोकरीचं काय ते लिलावानंतर बघू. आणि हो, ही बरणी त्या मुलाला परत दे, तुमच्या घरीच ती सुखात राहील. 'तुमच्या' म्हणताना तिनं दोघांकडे पाहिलं.

ती दोघं बाहेर बस स्टॉपवर येऊन उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता. जयदीपनं बरणी दुपट्यात लपेटून छातीशी धरली होती.

"तुला तेव्हा आवाज आला होता? आपटल्याचा?" कस्तुरीनं विचारलं.

"आला होता. टक्क असा."

"मला नाही आला." ती थांबली. "दिवसभर भांडी वाजवून पोट भरते मी, आणि मला नाही ऐकू आला."

"हॉलमध्ये गोंगाट किती होता."

"गोंगाटानं काही नाही रे... मी तुझ्याकडे बघत होते."

जयदीपनं बरणी आणखी घट्ट धरली. बस आली. दार उघडलं. दोघांपैकी कुणीच चढलं नाही, तेव्हा ड्रायव्हरनं खांदे उडवून दार लावून घेतलं.

"आता फडताळात काहीच उरलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "पुढच्या शनिवारी काय आणू?"

कस्तुरीनं हात वर केला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या कपाळावर हलकेच टिचकी मारली. मग कान जवळ नेऊन, डोळे मिटून, नेहमीसारखं नीट ऐकलं.

"खणखणीत आहे," ती म्हणाली. "आज आईला फोन करते."