चौथा कप्पा

"तुमच्या आजोबांची बहीण सध्या वाळत घातली आहे," तो म्हणाला.

मी दारातच थबकले. एका हातात वही, दुसऱ्या हातात खांद्यावरून घसरलेली पिशवी, आणि समोर हा माणूस. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना खळ लागलेली, चेहरा अगदी गंभीर. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला ही दुरुस्तीची खोली आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकही नव्हतं. पुढच्या टेबलावरच्या ग्रंथपाल बाईंनी "जुनी दाखलपुस्तकं बाइंडरकडे आहेत, मागे जा" म्हणून पिटाळलं होतं, आणि माझं काम त्याला आधीच कळवलेलं दिसत होतं.

"वाळत?" मी विचारलं.

त्यानं बोटानं वर दाखवलं. खोलीभर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर मोठाली पिवळट पानं ओळीनं लटकत होती. कोठीतला नळ फुटला होता म्हणे. बंद पडलेल्या एका शाळेची पाच दाखलपुस्तकं भिजली होती आणि नेमकं मला हवं असलेलं त्यातलंच निघालं. आमचं नशीबच असं आहे, वाढायला घेतलं की पंगत उठते.

"कधी वाळतील?"

"पानांना घाई आवडत नाही," तो म्हणाला. "पाच-सहा आठवडे."

"मी दर बुधवारी येऊन बघून जाईन."

"बुधवारीच का?"

आता याला काय सांगणार? मी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. उरलेल्या वेळात मला तीन वेडं आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या उरावर बसतात, म्हणून मी त्यांना वार वाटून दिलेत. सोमवार-गुरुवार कथा लिहायच्या. बुधवारी दुकान अर्धा दिवस, तेव्हा घराण्याचा शोध घ्यायचा. शनिवार-रविवार वाचन. उरलेले दोन दिवस इस्त्री, बाजार आणि मनुष्यप्राणी असल्याची इतर कामं. आत्या याला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणते. मला मात्र ते वेळापत्रक प्राणाहून प्यारं होतं.

हे सगळं मी त्याला का सांगितलं, देव जाणे. एरवी मी अनोळखी माणसाशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बरं. या मग, बुधवार."

तेच माझं नाव पडलं.

त्याचंही एक नाव होतंच. ग्रंथालयात सगळे त्याला 'दोनदा' म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायचा. पुठ्ठा कापण्याआधी दोनदा, दोरा तोडण्याआधी दोनदा. ग्रंथपाल बाई सांगत, "अकरा वर्षांत याचा एक पुठ्ठा वाया गेलेला नाही. चहात साखरसुद्धा मोजून घालतो मेला."

दुसऱ्या बुधवारी मी गेले तेव्हा तो सुईत दोरा ओवत होता. हात लांब... अजून लांब... मान मागे. माझ्यातली चष्मेवाली जागी झाली.

"शुक्रवारी दुकानात या," मी म्हणाले.

"शुक्रवारी तुमची इस्त्री असते ना?"

त्याच्या लक्षात होतं! मी उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागले.

तो खरंच आला. मी त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली आणि एकेक भिंग बदलू लागले. हे काम मी दिवसातून वीसदा करते. पण त्याच्या अंगाला कागदाचा, थोडा दमट, थोडा गोडसर वास होता आणि चौकट सारखी करताना माझं बोट त्याच्या कानाला लागलं, तेव्हा माझ्या हातून भिंग निसटता निसटता राहिलं.

"हे चांगलं दिसतंय... की आधीचं?"

"दोन्हीत तुम्हीच दिसताय."

"तक्त्याकडे बघा."

"बघतोय की. तुम्ही मध्ये उभ्या आहात."

मी बाजूला झाले. कानशिलं तापली होती. जवळच्या कामाचा चष्मा निघाला, आणि तो मी त्याला घरातल्या माणसाच्या सवलतीत दिला, का ते मलाही विचारू नका.

यानंतर त्यानं एकदाच, हलकेच, विचारून पाहिलं. "शनिवारी... चहा?"

"शनिवारी वाचन असतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"असू दे," तो म्हणाला आणि पुन्हा मोजायला लागला. मी घरी येऊन पुस्तक उघडलं आणि दोन तासांत एकच पान वाचलं, तेही चार वेळा.

खरं तर मनावर दुसरंच ओझं होतं.

आजोबांच्या थोरल्या बहिणीचा शोध मी घेत होते तो आत्यासाठी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, जिनं मला लहानाचं मोठं केलं. आता ती अठ्ठ्याहत्तरची आहे आणि तिला वाचायला नीट दिसत नाही. लहानपणी तिनं हट्ट केला की घरचे म्हणायचे, "झाली सुरू, अगदी आत्यावर गेली आहे." पण ही आत्याची आत्या कोण, कुठे गेली, हे विचारलं की सगळे गप्प. आजोबांच्या रोजनिशीत एकच ओळ होती : 'ताईला शाळेतून काढलं.' वय वर्षं चौदा. त्यापुढे काही नाही.

"माझे डोळे जायच्या आत मला एवढं कळू दे," आत्या म्हणायची. "आयुष्यभर मला जिच्यावर गेली म्हणाले, तिचं झालं तरी काय?"

आणि मी काय केलं? माझ्या तिन्ही वह्यांना मी हौसेनं एकसारखी तपकिरी कव्हरं घातली होती. एका संध्याकाळी आत्याला शोधाची वही वाचून दाखवायला बसले आणि उघडली ती कथांची. त्यात मी त्या मुलीची गोष्ट लिहिली होती. ती घरातून निघते, लांबच्या गावी शिक्षिका होते, खिडकीबाहेर पाऊस पडत असतो आणि ती मुलींना गणित शिकवत असते. दोन वाक्यांतच चूक माझ्या ध्यानात आली. मान वर केली, तर आत्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"शिकवायची ती?" ती म्हणाली. "गणित?"

मी... वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं बावीस नातेवाइकांना फोन केले. पुढच्या महिन्यात सगळे जमणार होते, त्यांच्यासाठी मी घराण्याचं छोटं पुस्तक छापून घेत होते, आणि आत्याच्या हुकमावरून ते गणिताचं पान त्यात गेलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी मी गप्प बसले.

बारा प्रती शिवून द्यायचं 'दोनदा'नं कबूल केलं होतं. छापील कागद मी त्याच्या स्वाधीन केले. चौथ्या बुधवारी गेले तेव्हा नवा चष्मा लावून तो ते वाचत बसला होता. मला विसरच पडला होता, की हा माणूस शिवतो ते सगळं आधी वाचतो.

"छान लिहिलंय," तो म्हणाला. "एक विचारू? या पुस्तकात प्रत्येक पानावर सालं आहेत, तारखा आहेत. पाऊस मात्र एकाच पानावर पडतो."

मग मी सगळं सांगून टाकलं. वहीची अदलाबदल, आत्याचे डोळे, बावीस फोन. तो मला समजून घेईल, म्हणेल, "जाऊ द्या, म्हातारीला आनंद झाला ना!" असं मला वाटलं होतं.

टेबलावरचं एक पान त्यानं माझ्यासमोर सरकवलं. कोपरा कुरतडलेला होता, आणि तिथे तेवढ्याच आकाराचा नवा कोरा कागद अलगद जोडला होता.

"इथे काय होतं, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे," तो म्हणाला. "शाईही आहे माझ्याकडे. पण गेलेल्या जागी आम्ही फक्त कागद लावतो. अक्षर भरत नाही."

"म्हणजे मी खोटारडी?"

"मी तसं म्हणालो नाही, बुधवार."

"म्हणायला काय राहिलं?" मी पिशवी उचलली आणि चालू लागले.

पुढचे दोन बुधवार मी गेले नाही. राग त्याचा नव्हता, तो खरं बोलला याचा होता. सोमवारी लिहायला बसले तर शब्द सुचेना, शनिवारी वाचायला घेतलं तर डोळ्यांपुढे तो कोरा कोपरा. एका चुकीनं माझी तिन्ही वेडं एकदम आजारी पडली होती. आणि मला त्याची आठवण येत होती, मंगळवारी, शुक्रवारी, वेळापत्रकात नसलेल्या सगळ्या वेळी.

शेवटी एका सकाळी आत्यापुढे बसले आणि सांगितलं.

आत्यानं फोनकडे पाहिलं. मग म्हणाली, "बावीस फोन केलेत मी. आता पुन्हा बावीस करायचे?"

"मी करते, आत्या."

"तू कशाला? तुला धड खोटंही बोलता येत नाही." ती उठून आत गेली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आजवर ती माझ्यावर इतकी कधीच रागावली नव्हती. जेवताना ताटाकडे बघतच म्हणाली, "गोष्ट चांगली होती. पण ती गोष्टीच्या वहीत ठेव. पुस्तकात लिही, 'माहीत नाही'."

दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला.

"पान वाळलं," पलीकडून आवाज आला. "...बुधवारपर्यंत थांबायचं असेल तर थांबा."

तो शनिवार होता. दुकानातून दुपारची सुट्टी मागून घेतली आणि आत्याला रिक्षात घालून मी ग्रंथालयात नेलं. दारात आम्हाला बघून त्यानं आधी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, मग मला. "आज वाचन नाही?"

"वाचायलाच आलोय," मी म्हणाले.

त्यानं आत्यासाठी खिडकीजवळ खुर्ची मांडली, पान पुढ्यात ठेवलं आणि तिच्या हातात मोठं भिंग दिलं. शाई विटली होती, पण ओळ वाचता येत होती. आजोबांच्या बहिणीचं नाव, वय चौदा, शाळा सोडली, कारण : घरकाम. पालकाच्या रकान्यात वडिलांची झोकदार सही.

"एवढंच ना," आत्या पुटपुटली.

"खाली या," तो हळूच म्हणाला. "नऊ ओळी खाली."

तेच नाव. आठ महिन्यांनंतरची तारीख. 'पुन्हा दाखल.' आणि पालकाच्या रकान्यात सही नव्हती, निळसर अंगठा होता. शेजारी कारकुनानं लिहिलं होतं : आई.

आत्यानं भिंग खाली ठेवलं आणि स्वतःचा अंगठा त्या ठशाच्या वर, पानाला न लागता, धरला.

"हिला लिहिता येत नव्हतं," ती म्हणाली. "आणि ही नवऱ्याला न जुमानता पोरीला परत घेऊन गेली... अगं, मी आत्यावर गेलेच नाही. मी आजीवर गेले!" आणि ती हसता हसता रडली.

पानाचा खालचा भाग पाण्यानं गेला होता. तिथे त्यानं कोरा कागद जोडला होता. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि आता ते मला सोसत होतं. पुस्तकातलं पान मी नव्यानं लिहिलं. दोन तारखा, एक अंगठा, खाली मोकळी जागा.

नातेवाईक जमायच्या आधीच्या संध्याकाळी तो बारा प्रती घेऊन घरी आला. आत्या रेडिओपाशी बसली होती आणि रेडिओ बंद होता. प्रती टेबलावर ठेवून त्यानं आणखी एक पुडकं काढलं. आत कापडी पाठीची एक पेटी होती.

"तुमच्या वह्यांसाठी. पुन्हा अदलाबदल नको."

मी वह्या आणून एकेका कप्प्यात सरकवल्या. लेखन. शोध. वाचन. अगदी नेमक्या बसल्या. शेजारी अजून एक कप्पा रिकामाच होता.

"हा चौथा कशाला?"

"मोजताना चूक झाली."

"तुमची? दोनदा मोजून?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या खेपेला तीनदा मोजलं," तो म्हणाला.

बाहेर रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मी त्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिले. गोष्टींमध्ये मी अशा वेळी काय काय बोलायला लावते माणसांना! आणि आता एक शब्द फुटेल तर शपथ.

"तुम्ही मला फार आवडता," तोच म्हणाला. "पण तुमच्याकडे वार शिल्लक नाही, हे मला माहीत आहे. म्हणून जागा तेवढी सोडली. भरायची की नाही ते तुमचं."

"वार नको..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "वार दिला की त्या दिवसापुरतंच होतं. रोज थोडं थोडं... चालेल?"

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दोनदा मोजूनही मापात बसलं नसतं.

"तू..." तो म्हणाला आणि थांबला, पहिल्यांदाच 'तू' म्हटल्यामुळे.

रेडिओपासून आवाज आला, "अगं, चहा टाक त्याच्यासाठी. का तीही जागा कोरीच ठेवणार आहेस?"

मी स्वयंपाकघरात गेले. तो मागोमाग आला, साखर मोजायला.