बिनफोडणीचं वरण

अलकाची खाट रिकामी होती.

मच्छरदाणी जागच्या जागी, उशाशी बोरिकच्या पाण्याची वाटी, आणि देवीच्या फोडांनी भरलेली आठ वर्षांची पोर गायब! सिस्टर सुनंदा मागच्या अंगणात चादरी उकळायला गेली, परत येऊन बघते तर हे. मध्यभारत राज्य नवं, साथ जुनीच. उज्जैनबाहेरच्या या वॉर्डात खाटेला खाट लागलेली आणि दिवसा नर्स एकच. एका बाईने उभं राहायचं तरी किती ठिकाणी?

पण ऐकतो कोण! मुलीचे वडील भय्यासाहेब मुजुमदार म्हणजे लस टोचणाऱ्यांवरचे निरीक्षक, वजनदार माणूस. संध्याकाळी थानेदाराला घेऊनच आले आणि फाटकात त्यांनी तमाशा मांडला.

"या बाईने माझी पोर घालवली! तापाच्या भरात नदीकडे गेली असणार. आत टाका हिला!"

थानेदाराने सुनंदाला चौकीत नेऊन बसवलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी क्षिप्रेत गळ टाकले. हाती काही लागलं नाही.

मेट्रन विनोदिनीबाई टिल्लूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पोरीचे डोळे चिकटत होते. दर दोन तासांनी धुतले नाहीत, तर बुबुळावर फूल पडून दृष्टी जाणार. आणि ते धुणारी बाई चौकीच्या बाकावर!

त्या तडक चौकीत गेल्या.

"रडू नकोस. नीट आठव. मुलीचं काही वेगळं होतं?"

"फोड दिसताच शाळेनेच तिला थेट वॉर्डात आणली होती, बाई." सुनंदाने डोळे पुसले. "दंडावर टोचल्याचा वण नव्हता. मी भय्यासाहेबांना विचारलं, तर म्हणाले बुजला असेल."

"ते तुझ्याशी कसे वागायचे?"

"चांगले की! रोज गुळगुळीत दाढी करून यायचे. माझ्यासाठी डबा आणायचे. लसणाच्या फोडणीची आमटी तुम्हीही खाल्लीत ना?"

खाल्ली होती खरी. झकास होती.

मग वॉर्डाचा चौकीदार.

"त्या दुपारी बाहेर कोण गेलं?"

"कोई नहीं, बाईजी. बस, भय्यासाहब का तांगा. जलाने के गद्दे ले गये. खुद हाँक रहे थे."

"तू गाद्या बघितल्यास?"

"माता के गद्दे? हाथ कौन लगाये, बाईजी!"

बाई नाल्याकाठच्या जाळायच्या खड्ड्यावर गेल्या. खड्ड्यातल्या राखेवर गवत उगवलं होतं.

तिथून परत चौकी. "चला," त्या थानेदाराला म्हणाल्या. "मुजुमदारांकडे. का म्हणून विचारू नका, आधीच माझं डोकं फिरलंय."

टावर चौकामागच्या गल्लीत घर. भय्यासाहेब नुकतेच पानावर बसले होते. गालांवर खुंट वाढलेले. दारात एकही जोडा नाही. ताटात भात, दही आणि पिवळंधमक वरण. वर ना मोहरी, ना हिंग, ना तेलाचा थेंब. वाढणारी उषावहिनी, त्यांची बायको, मान वर करेना.

"सापडली का हो माझी अलका?" भय्यासाहेब ओरडले.

"सापडली," बाई म्हणाल्या. "आतल्या खोलीत आहे."

थानेदार चपापला. "बाई, भान ठेवून बोला!"

"भान यांनी सोडलंय! देवी घरात असली की फोडणी बंद, दाढी बंद, पायात जोडा नाही. हे उज्जैनात कुणाला शिकवायला नको. पण गंमत बघा. पोरगी वॉर्डात होती तोवर इथून फोडणीची आमटी येत होती, साहेबांची दाढीही होत होती. पोरगी हरवली, आणि त्या दिवसापासून सगळं बंद!"

"दुःखात आहोत आम्ही!"

"दुःखात माणूस जेवत नाही. तुम्ही जेवताय, फक्त फोडणी नाही. कारण देवी परत घरात आली आहे. तुम्हीच आणलीत, गाद्यांत गुंडाळून. त्या गाद्या जाळल्याच नाहीत, खड्डा बघून आलेय मी."

"सख्खा बाप असं कशाला करील?" थानेदाराने विचारलं.

"दंडासाठी! गावभर पोरांचे दंड धरून लस टोचतात, नाही म्हणणाऱ्याला दंड ठोठावायची धमकी देतात. आणि स्वतःची मुलगी कोरी! सुनंदाने ते पाहिलं. वरच्या साहेबांची वॉर्डात फेरी येणार होती, त्यांनीही तो कोरा दंड पाहिला असता. पोरगी गायब आणि नर्सच गुन्हेगार ठरली, की तिच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार?"

भय्यासाहेबांचा घास हातातच राहिला. "माझी आई टोचायला नको म्हणाली होती," ते पुटपुटले. "देवी कोपेल म्हणाली."

उषावहिनींनी वरणाचं भांडं आपटलं. "आई नको म्हणाली! आणि मी पाया पडून सांगत होते की टोचा, ते? परवापासून म्हणतेय, पोरीला परत न्या, ते? बाहेरून कडी लावून मला घरात कोंडलंत तुम्ही!" त्यांनी धाडकन आतली खोली उघडली.

कडुनिंबाच्या डहाळ्यांमध्ये अलका पडली होती. डोळे पुवाने बंद.

सुनंदाला तासाभरात सोडलं. चौकीतून ती घरी गेली नाही, वॉर्डात आली. तीन रात्री ती आणि उषावहिनी आळीपाळीने पोरीचे डोळे धुत बसल्या.

चौथ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात भय्यासाहेबांना फाटकाशी आणलं. चेहरा पार उतरलेला.

"बाई, तिला दिसेल ना?"

विनोदिनीबाईंना त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांनी हात मागे बांधले.

"एका डोळ्याने दिसेल," त्या म्हणाल्या. "दुसरा तुमच्या घरी गेला."