बोरी अरबचं गुलाबी बदक

सकाळी सातला रेंजर साहेबांचा फोन आला.

"मॅडम, पक्षी खोटा निघाला तर देवसिंगला आजच घरी बसवतो. पहिला रिपोर्ट त्याचाच."

२००७चा फेब्रुवारी. देवसिंग बोरी अरबजवळच्या तलावावरचा रोजंदारी चौकीदार. त्याला गुलाबी डोक्याचं बदक दिसलं होतं. शास्त्रज्ञांच्या मते ही जात साठ-सत्तर वर्षांपूर्वीच संपली. बदकाला ते कुणी कळवलं नसावं.

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका शोभा ताकसांडे यांनी आजवर असे नऊ दावे खोटे ठरवले होते. साहजिकच त्यांना मित्र कमी होते.

त्या उतरल्या नरहरभाऊंकडे. खाली त्यांचं कृषी केंद्र, म्हणजे बी-बियाण्यांचं दुकान, वर लॉज. यंदा कापसानं सगळ्यांना बुडवलं, म्हणून खालचं शटर अर्धंच उघडायचं. वरच्या खोल्या मात्र बदक बघायला आलेल्या पक्षीवाल्यांनी भरल्या होत्या. मागच्या अंगणात चादरीवर दाणे वाळत होते, काळे, गुळगुळीत.

"सरकी आहे, ढोरायसाठी," नरहरभाऊ म्हणाले. "चहा घ्या नं, मॅडम."

तलावावर देवसिंग काठी घेऊन उभाच होता.

"शेती आहे तुमची?"

"नाई जी. बायको दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते."

"बदक वागतं कसं?"

"बाकीचे पक्षी माणूस दिसला का उडून जातेत. हे जवळ येते. डोकं कधी फिक्कं, कधी चकचकीत. सायबाले सांगतलं, तं म्हणे, हे लिहू नको."

"रंग तुम्हीच लावलात?"

देवसिंगची मान ताठ झाली. "चवदा वर्सं झाली मॅडम इथं. खोटंच लिहाचं असतं तं वाघ लिहिला असता."

शोभाबाईंनी पोळीचा तुकडा टाकला. नामशेष पक्षी वल्हवत आला आणि आणखी मागू लागला. त्यांनी त्याला उचललं, ओल्या रुमालानं डोकं पुसलं. रुमाल गुलाबी झाला.

दुपारी लॉजवर रेंजर देवसिंगला काढल्याचा टाइप केलेला आदेश घेऊनच आले. देवसिंग दाराशी उभा राहिला.

"बदक पाळीव आहे," शोभाबाई म्हणाल्या. "रंग पाण्यानं उतरतो, म्हणून दर दोन-चार दिवसांनी नवा हात द्यावा लागतो. आता रंग कुठला? ढोरांच्या सरकीला कापसाची लव असते. गुळगुळीत दाणा म्हणजे पाकिटातलं कंपनीचं बियाणं. त्याला विषारी औषध आणि गुलाबी रंग चोपडलेला असतो. ते कोणी ढोरांना घालत नाही. तुमच्या अंगणातले दाणे धुतलेले आहेत, नरहरभाऊ. रंग कुठे गेला?"

"तारीख उलटून गेलती, मॅडम," नरहरभाऊ म्हणाले. "बियाणं कोणी घेऊन नाई राह्यलं. दुकानदारानं काही तं विकावं नं! बियाणं नाई तं खोल्या."

"आणि देवसिंगची नोकरी?"

"त्याले मी लॉजवर ठेवणारच होतो."

रेंजर खाकरले. "पण रिपोर्ट तर खोटाच ना?"

"त्यात एक शब्द खोटा दाखवा. बदक होतं, डोकं गुलाबी होतं. डोकं फिक्कं पडतं, ही खरी गोष्ट गाळायला तुम्ही लावली."

रेंजरनी आदेशाची घडी करून खिशात घातली.

देवसिंगनं हात पुढे केला. "इकडं द्या, सायेब. खिशातून ते पुन्ना निंगते."

रेंजरनी शोभाबाईंकडे पाहिलं, मग कागद दिला. देवसिंगनं तो तिथंच उभ्या उभ्या फाडला.