वळणात पाय उचलायचा नाही

पंक्चर निघेपर्यंत करायचं काय, म्हणून तिने गॅरेजच्या फळीवरची वही उचलली आणि मोठ्याने वाचू लागली. बसस्थानकावर घोषणा करायची तिची नोकरी; अक्षर दिसलं की वाचायचं, ही खोडच.

"डावं तीन... शंभर मीटर... डावं दोन, सांभाळून..."

बुटक्या गाडीखालून आधी दोन पाय सरकत बाहेर आले, मग एक तेलकट चेहरा.

"परत वाचा ना."

"का? बस चुकली का तुमची?"

तो हसला... आणि त्याची नजर वहीवर खिळली. वही त्याच्या ताईची होती. शर्यतीत तो चालवायचा आणि ताई शेजारी बसून पुढची वळणं वाचायची. आकडा म्हणजे वळण किती मोकळं. गेल्या वर्षी ताई तापाने गेली.

गाडी डांबरी रस्त्यासाठीच बांधलेली. तिची पुढची चाकंच ओढतात आणि तीच वळवतात. अशा गाडीचा स्वभाव ओळखावा लागतो. भर वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मागची बाजू घसरून गर्रकन फिरते. म्हणून वाचणाऱ्यावर भरवसा हवा. ताईनंतर कुणीही वाचलं, तरी त्याचा पाय उचलला जायचा.

"उद्या शेवटची चाचणी," आठव्या भेटीत तो म्हणाला. "पाय उचलला, तर गाडी विकणार. गिऱ्हाईक ठरलंय. तू... वाचशील?"

"वाचेन. पण तू रस्त्याकडे बघायचं, माझ्याकडे नाही."

"रस्ता काही इतका देखणा नाही."

"चल, चावट!"

घाटरस्ता चाचणीसाठी बंद केलेला. धुकं इतकं, की भर दुपारी दिवे लावावे लागले. हेल्मेटमधल्या हेडफोनच्या तारेवर दोघंच. मान खाली घालून ती वाचत होती, आणि दमट पानं चिकटून दोन एकदम उलटली. पुढचं वळण हरवलं! तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"उजवं चार, लांब," कानात एका बाईचा शांत आवाज आला. "पाय उचलू नकोस, गाढवा."

दरीच्या कडेकडेने गाडी अलगद वळली.

शेवटच्या खुणेपाशी त्याने ब्रेक दाबला. "नाही उचलला पाय! पण काय गं, मला गाढव म्हणालीस?"

"मी... मी काहीच बोलले नाही. माझं पान चुकलं होतं."

त्याचं हसू विरलं. "गाढव मला फक्त ताई म्हणायची."

धुकं काचांना चिकटून बसलं होतं. तो हेल्मेट काढू लागला, तसा तिने त्याचा हात धरला. दोघांचीही बोटं गार.

"आता परत बसणार नाहीस ना?" त्याने विचारलं.

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "पण उतरावंसं नाही वाटत... तुला काही विचारायचं असेल, तर आत्ताच विचार. तिच्यादेखत."

"जन्मभर... बसशील माझ्याशेजारी?"

"हो. आणि गाडी विकायची नाही."

आणि तारेवर, अगदी कानाशी, तिसऱ्याच कुणीतरी रोखून धरलेला श्वास हळूच सोडला.