तोफेच्या नळीतला दहावा गोटा

वस्तू: रशियन मैदानी तोफ, एक. चाके लाकडी, दोन.

साकुजी मोरोझुमीने इथवर सुवाच्य अक्षरात लिहिलं. गावाचा कारकून तोच. त्यामुळे देवळाच्या अंगणातली तोफ भट्टीत वितळवण्यासाठी सरकारजमा करण्याचा तक्ता त्याच्याच गळ्यात पडला होता. गाडी उद्या सकाळी येणार होती.

कोठून मिळाली: मुकदेनची लढाई, १९०५.

ही तोफ चिखलातून ओढणाऱ्या जपानी सैनिकांत बावीस वर्षांचा साकुजीही होता. लूट म्हणून सरकारने ती देवळाला दिली, नळीचं मागचं तोंड पत्रा ठोकून बंद करून.

सध्याचा वापर: शोभा.

खरा वापर लिहिण्यासारखा नव्हता. लढाईवर जाणारा प्रत्येक जण नदीतला एक गोटा नळीत टाकून जायचा. त्यावर बापाने शाईने नाव लिहिलेलं असायचं. परतला की नळी झुकवायची, आपला गोटा उचलायचा, बाकीचे परत आत.

तीन आठवड्यांपूर्वी साकुजीचा मुलगा एइकिची चीनमधून परतला. दहा गोटे निघाले. त्याने आपला उचलून घरच्या देव्हाऱ्यात ठेवला. नऊ आत गेले. त्या नऊ घरी मरणाची पत्रं कधीच येऊन गेली होती.

तरी साकुजीच्या मनात काहीतरी सलत होतं. पोरगा डावखुरा गेला होता. आता उजव्या हाताने जेवत होता.

"सैन्यात मोडतात ती खोड," त्याची बायको किनू म्हणाली होती. "तुम्ही पोलिसातच जायला हवं होतं."

आत काही आढळले का:

दुपारी त्याने आणि पुजारी उसुईंनी नळी झुकवली. गोटे चटईवर पडले.

"दहा," उसुई म्हणाले.

"पुन्हा मोजा."

"मोजले. दहाच."

"कुणीतरी थट्टा केलीय."

"त्या दिवसापासून नळीच्या तोंडाला माझी मोहोर होती. तुमच्यासमोरच तोडली ना? आणि अक्षर बघा. तुमचंच आहे."

एइकिची. शेवटच्या फटकाऱ्याला शाई ओघळलेली.

उसुईंनी नऊ फडक्यात बांधले. दहावा साकुजीने किमोनोच्या बाहीत टाकला.

घरी येऊन त्याने आधी देव्हारा पाहिला. तिथला गोटा जागेवर होता. तेच अक्षर. तोच ओघळ.

दुसरा त्याने किनूपुढे ठेवला. तिने बराच वेळ पाहिलं, मग त्यावर वाडग्याचं झाकण पालथं घातलं.

"अहो, तक्त्यात 'नाही' लिहा."

"तुला माहीत होतं?"

"भात गार होतोय."

त्याने लिहिलं. नाही.

एइकिची अंगणातून आला, पाय पुसून बसला. झाकणाकडे त्याने पाहिलंही नाही.

"बाबा, गाडी कितीला?"

"सातला. तुला कशाला?"

"तोफेबरोबर जायचंय."

किनूचा हात थांबला. "कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात," एइकिची म्हणाला आणि उजव्या हाताने मुळ्याचं लोणचं पुढे ओढलं. "आम्ही दहाही जणांनी ठरवलंय."