तीन डब्यांतले पंच्याहत्तर डास

"माझी सून स्वयंपाकात कच्ची आहे, हे मीच चारचौघांत सांगते," खुर्चीत बसायच्या आतच म्हातारी बोलू लागली. "पण ती खोटारडी नाही. आज तीन वाजता तिची चौकशी आहे. अकरा माणसं तिच्यामुळे मेली असं लिहिणार आहेत. नोकरी गेली तर जाऊ दे, पण हे मी लिहू देणार नाही."

खासगी तपासाचं काम करणाऱ्या बाईंना सगळा मोहल्ला 'वहिनी' म्हणे, कारण त्यांचे धाकटे दीर त्यांना तसं म्हणत आणि सदानकदा त्यांच्या मागे असत. निवृत्त झाल्यापासून भाऊजींना दुसरा उद्योग नव्हता. त्यांनी वही उघडली आणि कानावरचं पेन खिशात शोधू लागले.

म्हातारीची सून हिवतापाच्या प्रयोगशाळेसाठी डास पकडायची. पहाटे नदीकाठची वस्ती, वीटभट्टी आणि गुरांचे गोठे गाठायचे, भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीने हलकेच ओढून घ्यायचे आणि जागेप्रमाणे तीन डब्यांत भरायचे. लोक तिला 'डासताई' म्हणत. तीन महिन्यांपूर्वी तिने आणलेल्या डासांवर फवारणीचं औषध तपासलं, तेव्हा पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर मेले. म्हणून तेच औषध तिन्ही ठिकाणी मारलं. तिथल्या डासांनी मात्र त्याला दादच दिली नाही. ताप पसरला, अकरा जण गेले, त्यांतली सात मुलं.

"आता म्हणतात, ती तिथे गेलीच नव्हती, घरामागच्या डबक्यातून डबे भरले! अहो, डबे पोचवायच्या आधी ती मला दाखवायची. सासूबाई, याचा पंख फाटलाय बघा, याला पाचच पाय. कौतुक कसलं, तर डासांचं! आणि परवा वस्तीत पुन्हा तेच औषध मारणार आहेत."

वहिनींनी चपला घातल्या. "चला भाऊजी. चहा परत आल्यावर."

प्रयोगशाळेत सगळ्यात मागे पिंजऱ्यांची खोली होती. दमट, गरम, आणि जाळीच्या पिंजऱ्यांत डासांची गुणगुण. ती खोली सांभाळणारे पिंजरेकाका कापसाचे बोळे भिजवत होते. त्यांची नखं निळी झाली होती.

"साखरपाणी आहे," ते म्हणाले. "थोडा रंग टाकतो, म्हणजे कोण जेवलं आणि कोण उपाशी ते कळतं. माझी ही लेकरं नाजूक आहेत, बाई. बारा वर्षं हेच घराणं. बाहेरचा एक डास आत येऊ दिला नाही. औषधाचा वाससुद्धा यांना ठाऊक नाही, नुसतं हुंगलं तरी मरतात. औषध ताजं की शिळं, ते यांच्यावरच बघतात."

"त्या तपासणीच्या दिवशी तुम्ही किती डास दिले?"

"मी नव्हतोच. नात तापाने दवाखान्यात होती, तीन दिवस तिच्या उशाशी बसलो. परत आलो तर पिंजरा निम्मा रिकामा. उपाशी मेले म्हणावं, तर खाली मेलेले पडलेले नव्हते." ते थांबले. "आम्ही नदीकाठच्या वस्तीतच राहतो. नात त्यातून उठली, घरी आली. औषध मारून झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप भरला. मग गेली."

भाऊजींचं पेन थांबलं. मग वहिनींनी या खोलीच्या किल्ल्यांचं विचारलं.

"एक माझ्या कमरेला. दवाखान्यातही होती. दुसरी प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांच्या टेबलात."

पुढच्या खोलीत तपासणीस बाई तीन कुप्या घेऊन बसली होती. त्या तपासणीत मेलेले डास त्यांत जपून ठेवले होते. वहिनींनी भिंग लावलं. एकेका डासाचे सहाच्या सहा पाय जागेवर, पंख नुकतीच इस्त्री केल्यासारखे.

भाऊजीही वाकले. "वहिनी, पोटं निळसर दिसतात. विषाने माणूस काळानिळा पडतो, तसंच हे."

"लिहून ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"त्या दिवशी चार वाजता मी यांना औषधातून काढून स्वच्छ नळ्यांत ठेवलं," बाई सांगू लागली. "पाचला घरी निघाले तेव्हा बहुतेक उडत होते. सकाळी दहाला मोजायला आले तर एकजात मेलेले. काही वेळा औषध उशिरा लागतं, म्हणून मी शंका घेतली नाही. गेल्या आठवड्यात साहेबांच्या सांगण्यावरून मी यांची जनुकं तपासली. एरवी नदीकाठ, भट्टी आणि गोठा इथले डास आपापल्या परीने वेगळे निघतात. या तीन कुप्यांत तीळभर फरक नाही."

"आणि एकाच कुपीतल्या दोन डासांत?"

"तिथेही नाही. एरवी एका भिंतीवरच्या दोन डासांतसुद्धा फरक सापडतो."

साहेबांच्या खोलीत पंखा, पडदा आणि भिंतीवर साहेबांच्याच सत्काराचा फोटो होता. फोटोखाली त्या औषधाचं नाव ठळक अक्षरांत होतं.

"सात वर्षं मी या औषधाची शिफारस करतोय," ते म्हणाले. "औषध खोटं नाही, ती पोरगी खोटी. आळशी! एका डबक्यातून तीन डबे भरले. जनुकंच सांगतात. शास्त्रापुढे रडारड चालत नाही."

"पिंजऱ्यांच्या खोलीत जाता का कधी?"

"मी? तिथे? ते गड्याचं काम आहे."

बाहेर आल्यावर भाऊजी हळहळले. "वहिनी, म्हातारीला काय सांगायचं? तिन्ही कुप्या सारख्याच निघाल्या म्हणजे सुनेचं कठीण आहे."

"तुमचं हे असं आहे, भाऊजी. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

तीन वाजता चौकशीच्या अध्यक्षबाई टेबलाच्या टोकाला बसल्या. समोर प्रयोगशाळेची माणसं, कोपऱ्यात डासताई आणि तिची सासू. डासताईला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती. भाऊजींनी आपली दिली.

वहिनी उभ्या राहिल्या. "साहेब म्हणतात, तिन्ही डबे एका डबक्यातले. पण एका डबक्यात तरी एकाच आईची अंडी असतात का? एका आळीत दहा घरची पोरं असतात, तसं ते असतं. डासताईने घरामागचं डबकं उपसलं असतं, तरी या डासांत आपापसात फरक निघाला असता. यांच्यात तो मुळीच नाही. असे डास एकाच जागी मिळतात: जिथे बारा वर्षं बाहेरचं रक्त आलेलं नाही आणि भावंडांतच संसार चाललाय. पिंजऱ्यात."

पिंजरेकाकांनी मान वर केली.

"भिंतीवर पकडलेल्या डासाचा पंख फाटतो, पाय तुटतो. कुप्यांतले सगळे धडधाकट आहेत. आणि भाऊजी, त्यांची पोटं विषाने निळी पडलेली नाहीत. ते काकांचं साखरपाणी प्यालेत. एक पोट पाण्याच्या थेंबात फोडून बघा."

तपासणीस बाईने तेच केलं. थेंब निळा झाला. अध्यक्षबाईंनी भिंगातून दोनदा पाहिलं.

"म्हणजे पिंजरेकाकांनी डास बदलले?" भाऊजी कुजबुजले.

"ते दवाखान्यात होते आणि त्यांची किल्ली कमरेला होती. बाईंकडे किल्लीच नाही. राहिली टेबलातली. पाच वाजल्यानंतर साहेबांनी नळ्या पाहिल्या. डासताईचे डास उडत होते. ते जिवंत राहिले असते, तर सात वर्षांची शिफारस आणि भिंतीवरचा सत्कार दोन्ही मेले असते. म्हणून पिंजऱ्यातले नाजूक डास काढले, औषधाने मारले आणि नळ्यांत भरले. पुढे माणसं मरायला लागली, तेव्हा बळीचा बकरा लागला. त्याच डासांची जनुकं तपासायला लावून तीच या पोरीवर उलटवली. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

साहेबांनी घसा खाकरला. "औषध निकामी आहे असं जाहीर केलं असतं तर गोंधळ माजला असता. मला वाटलं, प्रत्यक्षात थोडा तरी उपयोग होईल..."

अध्यक्षबाईंनी पेन उचललं. "ठीक. डासताईंवरचा आरोप मागे. साहेबांबाबत 'कामातील नजरचूक' अशी नोंद..."

"नजरचूक?" म्हातारी ताडकन उठली. "माझ्या सुनेवर आळ होता तोवर अकरा खून होते, आणि साहेबांपाशी आल्यावर नजरचूक झाली?"

डासताईने सासूचा हात धरला. ती आज पहिल्यांदाच बोलली. "मॅडम, आधी परवाची फवारणी थांबवा. दुसरं औषध मागवायच्या कागदावर सही करा. मी उद्या पहाटे वस्तीत जाते आणि नवे डास आणते. ते बाईंनी सगळ्यांसमोर तपासावेत."

अध्यक्षबाईंनी सही केली. मग आपलीच ओळ खोडली आणि तिच्या जागी काय लिहावं ते शोधत बसल्या.

"मी सांगतो," पिंजरेकाका म्हणाले. ते साहेबांकडे बघत नव्हते. "लिहा, डासताईचे डास औषधाने मेले नव्हते हे साहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

अध्यक्षबाईंनी लिहिलं.

"माझी नात दुसऱ्या आठवड्यात गेली. तेव्हाही माहीत होतं. तेही लिहा."

त्यांनी तेही लिहिलं.