दोन आडनावांची मुलगी

पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ विरली, तेव्हा तो समोर उभा होता. चष्मा पार धुरकटलेला… आणि पुढे केलेल्या तळहातावर एवढीशी प्लास्टिकची बाहुली.

"ही माझ्या तुकड्यात निघाली," तो म्हणाला. जणू मीच ती घातली होती.

आमच्या मेक्सिकन वस्तीच्या वॉटसनव्हिलमध्ये याहून जास्त सांगावं लागत नाही. जानेवारीत तीन राजांच्या सणाला गोल गोड पाव कापतात. त्यात लपवलेली बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्यानं फेब्रुवारीत कांदेलारियाच्या दिवशी सगळ्यांना मक्याच्या पानात वाफवलेले तमाले खाऊ घालायचे. सुटका नाही.

"माणसं किती?"

"ऑफिसातली सगळी. आणि ज्यांना वास येईल ती."

"सण उद्यावर आलाय आणि तुम्ही आज उगवताय?"

"मला वाटलं होतं, घरीच करीन. काल करून पाहिले…" त्यानं चष्मा पुसला. "तेव्हापासून घरमालकीण बोलत नाहीये माझ्याशी."

मला हसू आलं. ऑक्टोबरात आई गेली, त्यानंतर या तमाल्यांच्या हातगाडीपाशी मी हसले नव्हते. ते लक्षात आलं आणि मी मान खाली घालून पुढचा तमाल पानात बांधायला घेतला. गाडी तिची, पातेलं तिचं, मिरचीचं प्रमाणही तिचंच. आठवडाभर मी स्ट्रॉबेरीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या तपासायचे, सुट्टीच्या दिवशी इथे उभी राहायचे.

"नाव सांगा ऑर्डरसाठी."

"एफ्राइन लुगो. कॉलेजात, वाचनालयाच्या वरची खोली. आणि… थोडं कमी तिखट होईल का?"

"नाही होणार," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन जिना चढले, तर कळलं, ती या देशात राहायची कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारी खोली. एफ्राइन तिथेच शिकत होता आणि दुपारी तिथेच काम करत होता.

"तुम्ही इथे शिकता?" त्यानं विचारलं.

"मी इथे तमाले आणते."

"हायस्कूल कुठलं?"

"याच गावातलं. चारही वर्षं."

"चारही?" त्याचे डोळे असे चमकले, जणू मी हिरा दाखवला होता. "तीन पुरतात! मग तुमची फी इथल्या रहिवाशाचीच, परक्याची नाही."

"माझ्याकडे कागद नाहीत." हे वाक्य परक्यासमोर कधीच बोलायचं नाही असं आईनं शिकवलेलं, आणि मी ते तमाले वाढता वाढता बोलून गेले होते.

"माझ्याकडेही नाहीत," मक्याचं पान सोलत तो म्हणाला. "वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज आपल्यासाठी नाही, त्याच्या वाटेला जायचं नाही. राज्याचा वेगळा आहे. त्यातून फीमाफी मिळते, आणखी मदतीलाही तोच लागतो. पुढे मोठ्या विद्यापीठात गेलात तर तिथेही तोच अर्ज. खासगी शिष्यवृत्त्या आहेत, त्या मी शोधून देतो… पाणी आहे का हो?"

डोळ्यांतून धारा लागल्या होत्या त्याच्या. मी पाणी दिलं.

"आणि माझं नाव-पत्ता पुढे कुणाच्या हातात गेलं तर?"

त्यानं पेला खाली ठेवला. "राज्य म्हणतं, देणार नाही. मी माझं दिलं, माझ्या बहिणीचं दिलं. भीती गेली असं मात्र सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही."

थापा मारल्या असत्या तर मी परत गेले नसते. पुढच्याच आठवड्यात गेले. मला झाडांचे रोग शिकायचे होते. आईचं आयुष्य स्ट्रॉबेरीच्या सऱ्यांत वाकून गेलं. पानं का सुकतात ते तिला नुसत्या नजरेनं कळायचं, पण तिला कुणी विचारत नसे. मला विचारतील अशा जागी मला बसायचं होतं.

एफ्राइन प्रश्न वाचायचा, मी उत्तरं द्यायची.

"लग्न झालंय?"

"हे अर्जात आहे?"

"आहे की. हे बघा."

"आणि नसतं तर?"

"तर…" कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या, "तर विचारायला जरा जास्त दिवस लागले असते."

त्या दुपारनंतर आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो. आधी कोण म्हणालं, यावर अजून वाद आहे.

मग शाळेचा दाखला आला आणि सगळं अडलं. अर्जात मी लिहिलं होतं तसं माझं नाव, नोएमी आर्सेओ त्सिंत्सुन. आमच्यात पहिलं आडनाव बापाचं, दुसरं आईचं. दाखल्यावर नुसतं नोएमी आर्सेओ. या दोघी एकच, हे मानायला कॉलेज तयार नव्हतं, आणि मुदत संपत आली होती.

"सोपं आहे," एफ्राइन म्हणाला. "अर्जातलं दुसरं काढून टाक."

"ते आईचं आहे."

"माहीत आहे गं. पण यंदाची संधी जाईल…"

"आर्सेओ चार वर्षांच्या मला टाकून गेला. त्याचं ठेवू आणि जिनं वाढवलं तिचं काढू?"

त्यानं दाखला पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "मग शाळेकडून दुरुस्त करून घ्यावं लागेल. मेक्सिकोचा जन्मदाखला दाखवून. मी येऊ बरोबर?"

"नको."

शाळेच्या खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला. "जागेत मावलं नसेल, म्हणून गाळलं असेल कुणीतरी. इतकी वर्षं काही बिघडलं का तुझं?"

"आता बिघडतंय. मावेल असं लिहा."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. माझ्याकडे, मग जन्मदाखल्यावरच्या आईच्या नावाकडे. "माझ्याही आईचं गाळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सोतेलो. मी काही बोलले नाही." आणि त्यांनी एकेक अक्षर माझ्याकडून तपासून घेत नाव लिहिलं.

बाहेर समुद्रावरून धुकं आलं होतं. मी मोटारीत बसले. नवा दाखला मांडीवर ठेवून नाव पुन्हा एकदा वाचलं.

एप्रिलमध्ये एक दिवस कोल्ड स्टोरेजच्या फाटकापाशी एफ्राइन दिसला. धावत आलेला.

"फोन नव्हता का तुझ्याकडे?"

"फोनवर तुझा चेहरा कसा दिसणार? ऐक. नोएमी आर्सेओ त्सिंत्सुन, फी पूर्ण माफ."

"परत वाच."

"फी पूर्ण—"

"ते नाही. त्याच्या आधीचं."

त्यानं वाचलं. सावकाश, तीनही शब्द. मी पेट्यांच्या रांगेकडे बघत राहिले. आईला हे कसं सांगितलं असतं, ते मनात जुळवत होते. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण पुढच्या पिढीत गळणारच की आईचं. मुलांना बापाचं पहिलं आडनाव आणि आईचं पहिलं. लुगो आर्सेओ. त्सिंत्सुन काही उरत नाही."

एफ्राइननं मान वर केली.

"…लुगो?"

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. आणि घ्यायचीही नव्हती.

"हो, लुगो. का? हरकत आहे?"

"नाही. म्हणजे… इथे मुलांना कुठलं आडनाव द्यायचं ते आईबापच ठरवतात. त्सिंत्सुन देता येतं. मी चौकशी केलीय."

"कधी?"

"तू एकटी शाळेत गेली होतीस ना," तो म्हणाला, "त्याच दिवशी."

मी हातमोजे काढले. दिवसभर थंडीत राहून बोटं गारठली होती. ती मी सरळ त्याच्या हातांत दिली.